वास्तू हेच औषध : प्रस्तावना

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार गावांना मराठी बोलण्यात एक जादा अर्थ चिकटलेला आहे. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे थट्टेने सुचवावयाचे असले की मुंबईकर त्याला ठाण्याला धाडतो आणि पुणेकर येरवड्याला धाडतो. त्यातही येरवड्याच्या बाबतीत तुरुंग अभिप्रेत आहे की इस्पितळ, हे ऐकणाराने बोलणाराच्या तोंडाकडे पाहून ठरवावयाचे असते. नागपूरकरांनी तर एका चौकालाच पागलखाना चौक म्हणून ते नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी कायमचे रुजवून टाकले आहे. इतके ही नावे आपल्या परिचयाची. परंतु ज्या इमारतींमुळे त्यांना हा अर्थ आला त्या इमारती कशा आहेत, त्यांच्या खिडक्या किती उंचीवर आहेत, चौक किती मोठा, छपरावर कौल कोणते, हे सांगू शकेल असा मनुष्य शंभरांत एक मिळणे कठीण. आवाराच्या भिंतीचे बाहेरचे अंग सर्वांनी जाता-येता पाहिलेले आहे. आतले अंग ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले त्यांना ते कसे दिसले, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेतली नाही.

मनोरुग्णालयांच्या जुन्या वास्तू हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. ग्रंथकर्ते दोघे, एक वास्तुविशारद व दुसरे मनोविकारांचे वैद्य, आणि मी या दोहोंपैकी काहीच नसताना प्रस्तावनेचा मान त्यांनी मला दिला, तो बहुधा नवख्या वाचकाच्या शंका मलाही येतील या हिशेबाने दिला असावा. माझी पहिली शंका अशी होती, की रोग्यांचा, उपचारांचा, कायद्यांचा इतिहास सोडून भिंतींचा इतिहास का लिहावा? हस्तलिखित वाचून संपेपर्यंत तिचे उत्तर मिळाले, आणि ते असे, की या क्षेत्रात भिंत आणि उपचार या दोन वस्तू पुष्कळ काळ वेगळ्या नव्हत्याच. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले, तत्पूर्वी वैद्यापाशी गुंगीची औषधे, थंड पाण्याच्या धारा, आणि शेवटी शेवटी विजेचे झटके यांपलीकडे फारसे काही नव्हते. जे होते ते म्हणजे इमारत. हवा कोणत्या दिशेने यावी, रोग्याला झाडे दिसावीत की भिंत, आरडाओरडा करणारा आणि गप्प बसणारा यांच्यामध्ये किती दारे असावीत, हे ठरविणे म्हणजेच चिकित्सा, अशी एकोणिसाव्या शतकातील शहाण्या माणसांची प्रामाणिक श्रद्धा होती. वास्तू हेच औषध या श्रद्धेवर जगभर जेवढा दगड आणि जेवढा पैसा खर्ची पडला तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या वैद्यकीय सिद्धांतावर पडला असेल.

आपल्याकडे ही श्रद्धा आयात झालेली आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. मराठी मुलखात वेड्याला स्वतंत्र घर नव्हते, गाव होते. रिद्धपूरचे गोविंदप्रभू, ज्यांचे चरित्र म्हाइंभटांनी लिहून ठेवले, ते गावभर वाटेल तसे हिंडत, वाटेल त्याच्या घरात शिरत, आणि गाव त्यांना वेडेही म्हणे व ईश्वरही म्हणे; वेड, पिसे, खूळ, भ्रम या शब्दांना आपल्या भाषेत निंदेइतकीच भक्तीचीही छटा आहे ती उगाच नाही. ज्याला गावात सांभाळणे अशक्य होई त्याला गाणगापुरास नेत, नाही तर गुजरातेत उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात नेऊन ठेवीत, आणि तेथील खांब, पायऱ्या, जाळ्या यांना कवटाळून नातलगांसह त्याने महिनोन्महिने काढावेत असा परिपाठ होता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही; साखळदंड तेथेही होते, आणि २००१ च्या ऑगस्टात तामिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याजवळ झोपडीला आग लागून जे मनोरुग्ण जळून मेले ते साखळीने बांधलेले असल्यामुळेच पळू शकले नाहीत. तरीपण नातलग बरोबर राहत असत हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांत नातलगांना जागाच ठेवलेली नव्हती.

वेडासाठी मुद्दाम बांधलेल्या वास्तूंचा शोध घेत मागे गेले म्हणजे पहिली मनोहर वास्तू भेटते ती अलेप्पो नगरीत. १३५४ साली अर्गून अल्-कामिली या मामलुक सुभेदाराने तेथे जो बिमारिस्तान स्थापन केला त्यात चौकांच्या कडेने कोठड्या असून मधोमध कारंजे आहे. पाण्याच्या आवाजाने क्षुब्ध मन निवते ही कल्पना त्या रचनेच्या मुळाशी आहे. युरोप त्या मानाने मागाहून जागा झाला, आणि जागा झाला तो दिमाखात. लंडनचे बेथलेम हे मुळात १२४७ सालचे मठवजा धर्मादाय घर. त्याला १६७६ साली मूरफिल्ड्स येथे रॉबर्ट हूकने नवी इमारत बांधून दिली. राजवाड्यालाही लाजविणारा दर्शनी भाग, समोर बाग, फाटकावर उन्माद आणि विषाद यांचे दोन पाषाणी पुतळे, आणि हे सारे शहराच्या तटालगतच्या बुजविलेल्या खंदकावर, धड पाया न घालता उभे केलेले! भिंतींना तडे गेले, छपरे गळू लागली, आणि दर्शनी भाग पाहून खूष झालेले लंडनकर आतील रोगी पाहावयासही करमणूक म्हणून येत राहिले. १८१५ मध्ये इस्पितळ पुन्हा हलले. त्या तिसऱ्या इमारतीत आता साम्राज्याच्या युद्धांचे संग्रहालय आहे. या योगायोगावर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो.

व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये बांधलेला वेड्यांचा बुरूज ही याच्या उलट टोकाची वस्तू. पाच मजली, वाटोळा, दर मजल्याला अठ्ठावीस खोल्या. व्हिएन्नावासी त्याला आपल्या एका गोल केकचे नाव देऊन मोकळे झाले. बाहेरून पाहणाराला तो आजही सुबक वाटतो. आत राहणाराला मात्र कोपरा नसलेल्या बोळात फिरत राहण्यापलीकडे गती नव्हती. शोभा अथवा बंदोबस्त, या दोन कल्पनांपलीकडे अठराव्या शतकाची धाव गेली नाही.

ती धाव पलीकडे गेली ती यॉर्क येथे, आणि एका चहाच्या व्यापाऱ्याच्या हातून गेली. क्वेकर पंथातील एका विधवेचा १७९० मध्ये त्या शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात मृत्यू झाला. तिला भेटावयास गेलेल्या पंथबंधूंना आत जाऊ दिले नव्हते. तेव्हा त्या व्यापाऱ्याने, विल्यम ट्यूकने, पंथाकडून वर्गणी जमवून १७९६ साली ‘रिट्रीट’ हे स्वतःचे घर उघडले. हे ‘घर’ म्हणजे खरोखरीच घर दिसेल असे होते, आणि त्याची खिडकी ही माझ्या मते या सबंध विषयाची गुरुकिल्ली आहे. खिडकीला गज नाहीत. साध्या कौटुंबिक घराला असावे तसे लहान लहान काचांचे तावदान आहे. मात्र त्या काचांमधील पट्ट्या, ज्या इतर घरांत लाकडी असतात, त्या येथे ओतीव लोखंडाच्या असून लाकडाप्रमाणे दिसतील अशा बेताने घडविलेल्या आहेत. रोग्याला आपण कैदेत आहोत असे वाटू नये एवढी त्यात ममता आहे, आणि तो कैदेतच राहावा एवढी त्यात दक्षता आहे. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत वेड्यांसाठी जे काही चांगले बांधले गेले ते या खिडकीचेच विस्तारलेले रूप होय. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतातल्या इस्पितळांच्या कुसवाला आतल्या बाजूने उतरता खंदक असे, त्यामुळे बागेत उभ्या असलेल्या रोग्याला भिंत ठेंगणी दिसून पलीकडचा मुलूख दिसावा, परंतु भिंतीपाशी गेल्यावर ती दुप्पट उंच निघावी, अशी तजवीज होती. सौजन्य आणि फसवणूक यांचा सांधा कोठे बसतो हे भल्याभल्या गवंड्यालाही दाखविता यावयाचे नाही.

इंग्लंडात १८४५ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला वेड्यांचे इस्पितळ बांधणे सक्तीचे झाले आणि इमारती फुगत चालल्या. हॅनवेलच्या इस्पितळात जॉन कोनोलीने १८३९ मध्ये साखळ्या, पट्टे, बंद खुर्च्या काढून टाकल्या हा खरा पराक्रम. पण त्यासाठी माणसे पुष्कळ लागत, आणि परगण्याच्या कारभाऱ्यांना माणसांपेक्षा विटा स्वस्त पडत. १८५१ चे कोलनी हॅच हे इटालियन धाटणीचे, मैलोगणती बोळांचे प्रचंड इस्पितळ. जागा अपुरी पडली म्हणून त्याच्या आवारात लाकडी वॉर्ड घातले गेले, आणि १९०३ मधील आगीत त्यांत पन्नासाहून अधिक स्त्रिया मेल्या. अमेरिकेत टॉमस कर्कब्राइड याने १८५४ च्या आपल्या ग्रंथात इमारतीचा जो नमुना मुक्रर केला तो पंख पसरलेल्या वटवाघळासारखा आहे: मधोमध व्यवस्थापकाचे घर, प्रत्येक वॉर्डाला दोन्हीकडून वारा मिळावा म्हणून दोहों बाजूंना एकामागे एक सरकत गेलेले वॉर्ड, एकीकडे स्त्रिया व एकीकडे पुरुष, शांत रोगी मध्याजवळ आणि उग्र रोगी टोकाला. अडीचशेच्या वर रोगी घेऊ नयेत, अशी त्याची ताकीद होती. पश्चिम व्हर्जिनियातील वेस्टन येथे हाताने घडविलेल्या दगडांत अडीचशे रोग्यांसाठी बांधलेल्या अशाच एका इस्पितळात १९५० नंतरच्या दशकात सुमारे चोवीसशे रोगी होते. कर्कब्राइडचा सिद्धांत चूक होता की बरोबर, याचा निवाडा यामुळे कधी होऊच शकला नाही. औषधाची मात्रा दसपट झाल्यावर औषधाला बोल कसा लावावा?

या अवाढव्य इमारतींना कंटाळून जर्मन मुलखात सुट्या सुट्या बंगल्यांची पद्धत निघाली. बेल्जममधील गील या गावी तर शतकानुशतके रोगी गावकऱ्यांच्या घरीच राहत आले आहेत, म्हणजे तेथील इस्पितळाचा नकाशा हा गावाचाच नकाशा. बंगल्यांच्या पद्धतीचा कळस व्हिएन्नाच्या टेकडीवरील श्टाइनहोफ येथे १९०७ साली झाला. साठेक इमारती, आणि त्यांच्या माथ्यावर ओटो वाग्नरने बांधलेले सोनेरी घुमटाचे देवालय. बाकांना अणकुचीदार कोपरे नाहीत; बाके आखूड आहेत, कारण एखाद्याला मध्येच झटका आला तर सेवकाला चटकन पोहोचता यावे; फरशी वेदीकडे उतरती आहे, त्यामुळे मागच्यालाही दिसते आणि धुतल्यावर पाणी वाहून जाते; तीर्थाचे पाणी साचविलेल्या पात्रात नसून थेंब थेंब ठिबकते, कारण रोग पसरू नये. रोग्याविषयी इतका बारीक विचार केलेली वास्तू मला दुसरी ठाऊक नाही. याच श्टाइनहोफच्या आवारात नाझी अमलात, १९४० ते १९४५ या काळात, सातशेहून अधिक आजारी व अपंग मुले ठार मारली गेली. थोर वास्तुशिल्प कोणालाही वाचवीत नाही, एवढे या आवारात उभे राहणाराला कोणी वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडील हकीकत यापेक्षा रुक्ष आहे, आणि म्हणूनच ग्रंथाचा तो भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मुंबईस कुलाब्याला, कलकत्त्यास, मद्रासेस कंपनीच्या अमदानीतच वेड्यांची इस्पितळे होती, परंतु सर्वत्र एक रीत बसली ती १८५८ च्या कायद्यानंतर. मॅजिस्ट्रेटने दाखला द्यावा, पोलिसांनी रोगी हजर करावा, दफ्तरात रुजू करावा आणि आत घ्यावा. कारभाराचा हा क्रम ज्यांनी आखला त्यांना इमारतही त्याच वळणाची सुचावी यात नवल नाही. सरकारी बांधकाम खात्याच्या गाठी अनुभव होता तो लष्करी बराकींचा आणि तुरुंगांचा. कित्येक प्रांतांत तर ही इस्पितळे तुरुंगांच्याच वरिष्ठ अंमलदाराच्या हाताखाली होती. नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे ठाण्याचे १९०१ चे, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामास लागलेले येरवड्याचे, या चौघांचा वंश ट्यूकच्या खिडकीपासून निघत नाही, बराकीपासून निघतो. रांचीजवळच्या कांके गावी एकच गोष्ट दोनदा बांधली गेली: १९१८ साली युरोपियनांसाठी एक इस्पितळ आणि १९२५ साली हिंदी लोकांसाठी दुसरे. वेड लागल्यावरही वर्णभेदाचे भान सुटू नये याची ती व्यवस्था होती.

तरी बराक जशीच्या तशी राहिली नाही, हा ग्रंथकर्त्यांचा दावा मला पटला. दगड इथला, कौले मंगलोरी, तुळया सागवानी, आणि उन्हापावसाला तोंड द्यावयाचे तर बराकीपुढे पडवी काढावीच लागली. आणि ओटी-पडवीच्या घरात वाढलेल्या रोग्याने त्या पडवीचा कबजा घेतला. या ग्रंथाच्या निमित्ताने एका जुन्या वॉर्डात मी ग्रंथकर्त्यांबरोबर गेलो होतो. शहाबादी फरशीवर, पडवीच्या खांबाच्या सावलीत, कोणी तरी वाघ-बकरीचा पट खिळ्याने कोरून ठेवलेला होता. रेषा इतक्या झिजलेल्या, की ज्याने कोरला त्याच्यानंतर दोन तीन पिढ्या तरी त्यावर खेळल्या असाव्यात. वॉर्डच्या नकाशात तो पट नाही. ग्रंथकर्त्यांनी मात्र फूटपट्टी लावून त्याचे माप घेतले आणि आपल्या नकाशात त्याची नोंद केली. त्या दिवसापासून या ग्रंथावर माझा विश्वास बसला.

या वास्तूंवर कडक शब्द आले ते देशातील आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात. समितीसाठी मूर टेलर यांनी देशातील १९ मानसिक रुग्णालयांची पाहणी केली, ज्यांत खाटा दहा हजारांच्या आसपास होत्या. बहुतेक इमारती केवळ डांबून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत, बरे करण्याचा विचार त्यांत नाही, असे त्यांनी नमूद केले, आणि तुरुंगाची कळा असलेल्या सर्वांत वाईट चार रुग्णालयांत पंजाब व आग्रा यांच्या जोडीला ठाणे आणि नागपूर यांची नावे घातली. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि लाहोरच्या रुग्णालयातील रोग्यांचीही दोन राष्ट्रांत वाटणी करावी लागली. मंटोंची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा त्यावरूनच स्फुरली. अहवालानंतर अर्धे शतक लोटल्यावर, १९९९ साली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ३७ रुग्णालये पाहिली तेव्हा त्यांतील शेकडा ३८ रुग्णालयांची तुरुंगासारखी मूळ बांधणी कायम असल्याचे दिसून आले. आपल्या सरकारांनी या वास्तूंचे जतन केले म्हणावयाचे तर ते असे केले.

पश्चिमेत मध्यंतरी वारे फिरले होते. १९६१ हे साल त्या दृष्टीने विलक्षण होय: फूको यांचा वेडाच्या इतिहासावरील ग्रंथ आणि वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात राहून गॉफमन यांनी लिहिलेले पुस्तक ही दोन्ही त्या एका वर्षातली, आणि त्याच वर्षी इंग्लंडचे आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी पाण्याच्या मनोऱ्यांसह ही सारी इस्पितळे बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. इटलीत त्रिएस्ते येथे फ्रांको बासाग्लिया यांनी तो अमलात आणला. १९७३ मध्ये तेथील रोग्यांनी व कलावंतांनी मिळून एक भला मोठा निळा घोडा बनविला. तो मिरवीत बाहेर न्यावयाचा तर दारातून निघेना, म्हणून दाराची चौकट फोडावी लागली. पाच वर्षांनी इटलीने कायद्याने नवी मनोरुग्णालये उघडणेच बंद केले.

रिकाम्या झालेल्या या इमारतींचे पुढे काय झाले ते वाचताना हसावे की रडावे कळत नाही. कोलनी हॅचच्या जागी श्रीमंतांची सदनिका-वसाहत आहे. बफेलोच्या इस्पितळात, जे थोर वास्तुकार रिचर्डसन यांनी बांधले, आता हॉटेल आहे. वेस्टनला तिकीट लावून भुतांच्या रात्रफेऱ्या काढतात. आणि सेंट एलिझाबेथ्सच्या आवारात अंतर्गत सुरक्षेचे खाते बसले आहे. भुतांच्या फेरीचा मला विशेष तिटकारा आहे. जिवंतपणी ज्यांना पाहावयास लोक पैसे देत होते, त्यांना मेल्यावरही त्यातून सुटका नसावी!

वारशाचा हा प्रश्न आपल्याकडे निराळ्या रूपाने उभा आहे, आणि येथेच मी ग्रंथकर्त्यांशी थोडा भांडलो. युरोपात रिकाम्या इमारतीचे काय करावे हा प्रश्न आहे. महाराष्ट्रात ती रिकामी झालेलीच नाही. येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५, अशा मंजूर खाटा या चार ठिकाणी कागदोपत्री चालत आल्या आहेत, आणि बरे होऊनही घरी न्यावयास कोणी न आल्याने कित्येक जण तेथेच म्हातारे झाले आहेत. अशा ठिकाणी जुनी कमान राखा असे सांगणे म्हणजे रोग्याच्या डोक्यावरचे गळके छप्पर राखा असे सांगण्याचा धोका आहे. दुसऱ्या बाजूने, शहरे वाढून या आवारांना वेढून बसली आहेत, ठाणे व मुलुंड यांमधील नव्या रेल्वे स्थानकाला जमीन लागते ती मनोरुग्णालयाचीच, आणि ‘जुनाट तुरुंगवजा इमारती पाडून टाका’ ही सूचना नेहमीच रोग्याच्या कळवळ्यातून येते असे समजणे भोळेपणाचे होईल. ग्रंथकर्त्यांचे म्हणणे, प्रत्येक आवारातील एक तरी बराक, एक पडवी, कुसवाचा एक तुकडा जागच्या जागी राखावा आणि बाकीच्यांची मापे, छायाचित्रे व दफ्तरे पाडण्यापूर्वी सुरक्षित करावीत. माझे म्हणणे, रोग्याची सोय आधी आणि राखणे मागाहून. वाद मिटला नाही. ग्रंथात तो त्यांनी माझ्या बाजूसह छापला आहे, हे त्यांचे औदार्य.

ग्रंथाच्या पद्धतीविषयी एक शब्द. प्रत्येक आवाराची मोजणी, बांधकामाचे साहित्य, दुरुस्त्यांचा इतिहास आणि तेथे राहिलेल्या व चाकरी केलेल्या माणसांच्या आठवणी असे चार धागे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आहेत. परिचारकांच्या आठवणी मला सर्वांत सरस वाटल्या, कारण कोणत्या पावसात कोणते छप्पर गळते आणि कोणत्या कोठडीत रात्री हवा येत नाही हे वास्तुविशारदाला सांगणारे तेच. नकाशे पुष्कळ आहेत, आणि नकाशा वाचण्याची सवय नसलेल्या माझ्यासारख्याला ते प्रथम कंटाळवाणे वाटतील. अशा वाचकाला माझी एवढीच विनंती, की प्रत्येक नकाशात आधी दारे शोधावीत. दार ज्या अंगाला उघडते तिकडे नकाशात पाव वर्तुळाची बारीक रेघ काढलेली असते. आपल्या घराच्या नकाशात ती खोलीच्या आत असते. येथील एकांत कोठड्यांच्या नकाशात ती बाहेर बोळात आहे, कारण दार आतून अडवून धरता येऊ नये. ती रेघ पाहावी, कडी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, आणि मग पान उलटावे.